आकड्यामागची अट

उन्हाळा लागला की सोलापुरात चहाच्या टपरीपासून जिल्हा परिषदेच्या पायरीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: उजनी किती? उत्तर टक्क्यांत मिळते आणि एप्रिल-मेमध्ये ते बहुतेक वेळा ‘मायनस’ असते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे पचत नाही. शून्याच्या खाली धरण कसे जाईल?

जाते, कारण टक्केवारी सगळ्या पाण्याची नसतेच. भीमेवरच्या उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेला सुमारे ६३.६६ टीएमसी मृत साठा. कालव्याला उताराने पाणी मिळावे म्हणून कालव्याचे तोंड उंचावर ठेवले आहे. पाण्याची पातळी ४९१.०३ मीटरवर आली की उपयुक्त साठा संपला असे धरतात. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी ४९६.८३ मीटर. म्हणजे ज्या पाण्यावर निम्मा जिल्हा भांडतो ते जेमतेम सहा मीटर जाडीच्या पसरट थरात आहे. टक्केवारी फक्त त्या थराची. शून्य टक्के म्हटल्यावरही धरणात ६३ टीएमसी असते. उणे ५० म्हणजे त्यातून २६.८ टीएमसी गेले आणि सुमारे ३७ उरले. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या घरात गेले होते, तेव्हाही तळाशी तीसेक टीएमसी होतेच, निदान कागदावर.

कागदावर म्हणायचे कारण गाळ. पातळी मोजायला पट्टी असते, पण त्या पातळीला पाणी किती हे क्षमता-तक्त्यात पाहावे लागते. धरण १९८०मध्ये पुरे झाले. भीमेने तेव्हापासून आणलेला गाळ बराचसा तळाशी, म्हणजे मृत साठ्यात बसतो. तो मोजायचे दोन मार्ग आहेत. एकात बोटीला ध्वनिलहरींचे यंत्र लावून तळाच्या रेघा काढतात, दुसऱ्यात वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा उपग्रहचित्रात मोजून जुन्या तक्त्याशी ताडतात. दुसरा मार्ग स्वस्त. पण पाणी ज्या पातळीच्या खाली कधी उतरतच नाही तिथले तो सांगू शकत नाही. म्हणून टंचाईत ज्या पाण्याच्या भरवशावर आपण असतो, नेमका त्याचाच हिशेब सगळ्यात कच्चा असतो.

टक्क्याचे हे माप ज्या अभियंत्यांनी बसवले त्यांची त्यामागे एक साधी अट होती: हा आकडा कालव्यापुरता. जलाशयाच्या काठावरून उपसा करणाऱ्याला शून्याचे सोयरसुतक नसते, तो पाइप आणखी पुढे टाकतो. पिण्याच्या योजनांचे गणित वेगळे, वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याचे वेगळे. तरी बातमीत, बैठकीत आणि आंदोलनात हाच एक टक्का फिरतो. त्याची अट वाटेत कुठेतरी गळालेली असते.

नैसर्गिक साधनांच्या धोरणात शास्त्रज्ञाची भूमिका काय, या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे: त्याने मोजावे आणि सांगावे, ठरवायचे काम सरकारचे. मला ही विभागणी अपुरी वाटते. आकडा शास्त्रज्ञाच्या टेबलावरून उठून शासन निर्णयात जातो तेव्हा तो कुठे लागू पडतो, किती चुकू शकतो आणि कशासाठी काढला होता, या तीन गोष्टी मागे राहतात. त्या पुढे नेणे हेही शास्त्रज्ञाचेच काम आहे. ते काम कुणी करत नाही तेव्हा काय होते, याचे दाखले सोलापूर जिल्ह्यात भरपूर सापडतात.

सगळ्यात जुना दाखला बांधांचा. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. रावबहादूर कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूर-विजापूरच्या रानांत जे काम केले, त्यातून पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखले जाणारे पॅकेज तयार झाले: समपातळीचे बांध, दरवर्षी नव्हे तर तीन वर्षांतून एकदा नांगरट, पावसाआधी आणि पावसात कुळवाच्या पाळ्या, बियाणे कमी, दोन ओळींतले अंतर जास्त, शेणखत आणि वारंवार कोळपणी. सगळ्याचा रोख एकच, पडलेला पाऊस शेतातच मुरावा आणि मुरलेला उडून जाऊ नये. संशोधनाने थेट कायद्याला आकार दिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. १९४२मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि बांधबंदिस्ती हा सरकारी कार्यक्रम झाला. एकेकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडले तर समपातळीचा बांध घालता येत नाही, कारण समपातळी रेषा गट नंबर पाहून वळत नाही. कायदा हवा होता तो यासाठी.

बांध कुठे घालायचा याचे सूत्रही सुटसुटीत होते. जमिनीच्या ढाळाची टक्केवारी घ्या, तिला ३ने भागा, त्यात २ मिळवा, आलेल्या संख्येला ०.३ने गुणा. दोन बांधांमध्ये इतके मीटर उंचीचा फरक ठेवा. दीड टक्का ढाळ असेल तर ०.७५ मीटर येतात, म्हणजे जमिनीवर दर ५० मीटरला एक बांध. ओव्हरसियरला डंपी लेव्हल (जमिनीची उंच-सखलता मोजायची दुर्बीण) आणि हे सूत्र दिले की काम सुरू.

सूत्रामागची अट मातीची होती. हलक्या आणि मध्यम, पाणी झिरपू देणाऱ्या जमिनीत हे बांध छान चालतात. भीमा-सीनेच्या काठच्या खोल काळ्या रानात चालत नाहीत. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. पहिला पाऊस भेगांतून आत जातो खरा, पण माती फुगून भेगा बुजल्या की पाणी वरच तुंबते. बांधाच्या वरच्या अंगाला आठ-आठ दिवस पाणी, त्यात तुरीच्या मुळ्या कुजतात, रब्बीची पेरणी लांबते. बांधही त्याच मातीचा, म्हणून तोही तडकतो. एका तडीतून पाणी घुसले की बांध फुटतो आणि आधी पसरून वाहणारे पाणी एका जागी लोटून घळ पाडते. बांध नसता तर एवढी माती गेली नसती. अशा जमिनीत बांधाला थोडा, पाव-अर्धा टक्का एवढाच ढाळ द्यायचा असतो आणि जास्तीचे पाणी सांडव्यातून सुखरूप ओघळीत काढून द्यायचे असते. हे माहीत नव्हते असे नाही. पण दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर मोजमाप घनमीटर मातीकामाचे होते. मजुरांना काम हवे, मातीकाम जिथे होईल तिथे बांध. मातीची खोली मोजायला मस्टरवर रकाना नव्हता. संध्याकाळी शेतकऱ्याने बांध फोडून पाणी काढून दिले तर ते अडाणीपण नसे, त्याची स्वतःची मृदाशास्त्रातली दुरुस्ती असे.

अट आकड्याबरोबर नेता येते, याचाही दाखला त्याच विषयात आहे. रब्बी ज्वारीची शिफारस राहुरीचे कृषी विद्यापीठ ‘अमुक वाण पेरा’ अशी देत नाही, जमिनीच्या खोलीप्रमाणे देते. फूटभर मातीत फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल रानात फुले वसुधा, फुले यशोदा. कारण सरळ आहे. ज्वारी वाढते ती पावसावर नव्हे, साठलेल्या ओलीवर. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असा दीडशे-दोनशे मिलिमीटर ओलावा मावतो, फूटभर मातीत त्याचा तिसरा हिस्साही नाही. शेतकऱ्याने पहार ठोकून खोली पाहिली की शिफारस आपोआप जागेवर बसते. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे विद्यापीठाने शिकवले की विद्यापीठाने त्याच्याकडून घेतले, हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. गडबड होते ती अनुदानाच्या बियाण्याची पिशवी सगळ्या तालुक्याला एकाच वाणाची येते तेव्हा.

आता जमिनीखाली. शास्त्रज्ञ आणि धोरण यांचा सांधा इथे सगळ्यात घट्ट आहे आणि सगळ्यात जास्त गळतो तोही इथेच.

सोलापूर जिल्हा बसाल्टवर बसला आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक, मग अभंग काळा पाषाण, मध्येच सच्छिद्र मांजऱ्या खडकाचा थर, कुठे दोन प्रवाहांच्या मधला लाल गेरूसारखा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. पाणी मुख्यतः मुरमात आणि त्याखालच्या फुटक्या खडकात. वाळूच्या प्रदेशात असते तसे सलग भूजल इथे नाही. एका शेतात पाणी, शेजारच्या बांधापलीकडे कोरडा ठणठणीत बोअर, हे इथे रोजचे. पाणाड्याचा नारळ उभा राहतो तो याच अनिश्चिततेवर. विद्युत रोधकता तपासणी त्याहून बरी, पण तीही पाणी दाखवत नाही, खडकाचा विरोध दाखवते. कुजलेला, ओला मुरूम कमी विरोध देतो, अभंग पाषाण खूप जास्त. पण चिकणमातीही कमीच विरोध देते, आणि त्यातून पाणी सुटत नाही. यंत्राचा कागद वाचणारा माणूस त्या गावच्या विहिरी उतरून पाहिलेला असेल तरच उपयोग.

सरकारी हिशेब भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतो. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास ती उभी राहिली. राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडून प्रत्येकात निरीक्षण विहिरी निवडल्या आहेत आणि वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची पातळी मोजतात. मेमधली आणि ऑक्टोबरमधली पातळी यांतला फरक म्हणजे पावसाळ्यातली चढ. तिच्यावरून पुनर्भरण काढतात.

हिशेब करून पाहू. समजा एका पाणलोटात डोंगरउताराचा भाग वगळून ४० चौरस किलोमीटर क्षेत्र उरले. मेमध्ये पाणी ९.५ मीटरवर होते, ऑक्टोबरमध्ये ४.५ मीटरवर आले, चढ ५ मीटर. पण पाच मीटर खडक म्हणजे पाच मीटर पाणी नव्हे. त्या खडकातून गुरुत्वाने सुटणारे पाणी फार थोडे. बसाल्टसाठी ते साधारण २ टक्के धरतात. ४० चौ.किमी गुणिले ५ मीटर गुणिले ०.०२ म्हणजे ४० लाख घनमीटर, कार्यालयीन भाषेत ४ दलघमी (दशलक्ष घनमीटर). नैसर्गिक निचऱ्याची वजावट सध्या सोडून देऊ. उपसा ३.२ दलघमी असेल तर ‘विकासाचा टप्पा’, म्हणजे उपसा भागिले पुनर्भरण, ८० टक्के. ७०पर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, १००च्या पुढे अतिशोषित. आपला पाणलोट अंशतः शोषित.

आता फक्त एक आकडा हलवू. २ टक्क्यांऐवजी दीड टक्का धरला तर पुनर्भरण ३ दलघमी, टप्पा १०७ टक्के, पाणलोट अतिशोषित. ३ टक्के धरला तर पुनर्भरण ६, टप्पा ५३ टक्के, पाणलोट सुरक्षित. बसाल्टमध्ये १ ते ३ या पल्ल्यातली कोणतीही संख्या अशक्य नाही. एकाच पाणलोटात वरच्या अंगाला एक आणि ओढ्याकाठी दुसरी असू शकते. नव्या विहिरींच्या योजना, अनुदान, निर्बंध हे सगळे त्या एका शब्दावर टांगलेले, सुरक्षित की अतिशोषित. शब्दाला दशांश नसतो आणि त्रुटीची मर्यादाही नसते.

भागाकाराचा वरचा आकडा, म्हणजे उपसा, त्याहून ढिला. विहिरींची संख्या लघुसिंचन गणनेतून घेतात आणि दर विहिरीमागे सरासरी उपसा धरतात. गणना काही वर्षांनी होते, बोअरची गाडी रोज फिरते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, बोअरची पुष्कळदा नसते. दुसरी वाट पिकांवरून उपसा काढायची. ती पीक-पेऱ्यावर अवलंबून, आणि पेरा तलाठ्याच्या चावडीत बसून भरला जायचा ते दिवस फार जुने नाहीत. २०२१पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी मोबाइलवर फोटोसह पीक नोंदवतो. भूजलवाल्यांसाठी ही माझ्या मते अलीकडची सगळ्यात मोठी सोय आहे, तिचा गवगवा मात्र पीकविमा आणि कर्जाच्या अंगानेच झाला.

निरीक्षण विहिरीचीही अट आहे. ती बहुतेक खोदलेली उथळ विहीर असते, मुरमातले पाणी सांगणारी. डाळिंबाची बाग जगते ती चारशे-पाचशे फूट खोल बोअरवर, खालच्या फटीतल्या पाण्यावर. वरची विहीर भरलेली आणि खालची फट आटलेली, असे सहज होऊ शकते. विहीर कालव्याजवळ असेल तर आवर्तन सुटल्यावर पातळी वर येते आणि कागदावर ते पुनर्भरण दिसते.

टँकरची साखळी याच मोजणीवर चालते. ऑक्टोबरची पातळी मागल्या पाच वर्षांच्या ऑक्टोबरच्या सरासरीशी ताडतात. पाऊस तुटीचा आणि पातळी ३ मीटरहून जास्त घसरलेली असेल तर ऑक्टोबरपासूनच टंचाई धरतात, २ ते ३ मीटर असेल तर जानेवारीपासून, १ ते २ असेल तर एप्रिलपासून. त्यावरून टंचाई आराखड्याचे तीन टप्पे पडतात. कामापुरते हे उत्तम माप आहे. एका वर्षाच्या पावसाने दगा दिला तर ते लगेच सांगते. पण पाच वर्षांची सरासरी सरकती आहे. एखाद्या गावची पातळी दरसाल अर्ध्या मीटरने खचत असेल तर दहा वर्षांत पाच मीटर खचते, आणि कोणत्याही वर्षी पाच वर्षांच्या सरासरीशी ताडले तर फरक दीड मीटरच दिसतो. तीन मीटरच्या यादीत ते गाव कधीच येत नाही. आलेच तर एप्रिलच्या यादीत, तेही पाऊस तुटला तरच. अचानक पडणारा दुष्काळ दिसावा म्हणून घडवलेली पट्टी सावकाश येणारा दुष्काळ झाकते. उपाय महागही नाही: त्याच तक्त्यात आणखी एक स्तंभ, तीस वर्षांपूर्वीची पातळी. मोजण्या उपलब्ध आहेत. पण स्तंभ कुणी मागितलेला नाही, आणि न मागितलेले देण्याची सवय सरकारी शास्त्रज्ञाला सहसा नसते.

दुष्काळ जाहीर करण्याचे मापही असेच आहे, जरी मध्यंतरी ते बदलले. पूर्वी पैसेवारी होती, म्हणजे गावचे पीक रुपयात किती पैसे आले याचा अंदाज, तो पन्नास पैशांच्या आत आला की दुष्काळ. त्या पद्धतीत गावच्या दबावाला भरपूर जागा होती. २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाची तूट, पावसाचे खंड, मातीतला ओलावा, उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा, धरण आणि भूजल असे निर्देशांक आणले, आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. सुधारणा खरीच. फक्त उपग्रहाला हिरवे ते हिरवे दिसते. तालुक्याच्या एका अंगाला कालव्यावरचा ऊस असेल आणि दुसऱ्या अंगाला माळावरची करपलेली तूर, तर सरासरीत ऊस तुरीला खाऊन टाकतो. पावसाचेही तेच. आकडा महसूल मंडळाच्या एका स्वयंचलित केंद्राचा, आणि परतीचा पाऊस या बाजूला ओढ्याच्या अल्याड पडतो, पल्याड नाही. केंद्र झाडाखाली किंवा भिंतीला लागून बसवले असेल तर मग बोलायलाच नको.

मोजमापात अट गळते तशी कामांतही गळते. शिरपूर पॅटर्न प्रसिद्ध झाला तेव्हा ओढे खोल आणि रुंद करायची लाट आली, जलयुक्त शिवारच्या काळात ती जोरात होती. शिरपूरला तापीच्या गाळाचा पट्टा आहे. तिथे चिकणमातीचे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत, ते भेदले की खालच्या वाळूत पाणी उतरते. सोलापूरच्या ओढ्यात पोकलेन लावला तर तो आधी उकरतो मुरूम, म्हणजे नेमका पाणी धरणारा थर. काठच्या विहिरींतले पाणी त्या चरात पाझरते, आणि पोकलेन खालच्या अभंग पाषाणावर थांबला की वर साठलेले पाणी मुरायला जागा उरत नाही, ते उन्हात उडते. तुडुंब भरलेल्या चराचा फोटो मात्र झकास येतो. खोलीकरणाआधी ओढ्याचा छेद पाहावा, मुरमाची जाडी मोजावी आणि कातळ लागण्याआधी थांबावे, एवढे भूवैज्ञानिकाने सांगायचे असते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते काढलेल्या घनमीटरचे. बांधांच्या वेळचेच माप, अवजार तेवढे बदलले.

माळढोकाचे थोडक्यात. १९७९मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात. पक्षी वापरत होता ते गवताचे विखुरलेले माळ, नकाशात आल्या पेठा, शाळा आणि ऊस. पक्ष्याचा वावर मोजायच्या आधी रेघ ओढली गेली. पुढची तीसेक वर्षे जमिनीचा व्यवहार असो की रस्ता, प्रत्येक परवानगीत माळढोक आडवा, आणि ज्या शेतकऱ्याने पक्षी राखायचा तोच त्याच्यावर चिडलेला. न्यायालय आणि समित्या यांच्या फेऱ्यांनंतर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षीच जवळपास गेला होता. त्यात महसुली नोंदीतला ‘पडीक’ हा शेरा गवताळ माळाच्या मुळावर आला. पडीक म्हटले की झाडे लावायची, आणि माळढोकाला झाडे नकोत, उघडा माळ हवा.

हे सगळे वाचून असे वाटू नये की अट पोचली की धोरण शहाणे होते. उसाचा आकडा त्याच्या सगळ्या अटींसह मुंबईपर्यंत पोचलेला आहे. जिल्ह्याचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उसाची वर्षाची गरज दोन हजारांच्या पुढे. प्रवाही पाण्यावरच्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर धरले तर १ टीएमसी, म्हणजे २.८३ कोटी घनमीटर पाणी, शेताच्या तोंडाशी सुमारे १,४०० हेक्टर ऊस भिजवते. कालव्यात निम्मे मुरले तर ७००. तेच पाणी रब्बी ज्वारीला साडेसात सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी म्हणून दिले तर निम्मी गळती धरूनही १८ हजार हेक्टरच्या पुढे जाते. उजनीचे नियोजन आठमाही पिकांसाठी होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने १९९९मध्येच तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाला लगाम घालायला सांगितले होते. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात अधिसूचित क्षेत्रातल्या बारमाही पिकांना ठिबकची अट आहे. आणि जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या घरात. शास्त्रज्ञाला इथे दोष देता येत नाही. शेतकऱ्यालाही सरसकट देता येत नाही, कारण ज्वारीला उसासारखा हमखास हातात पडणारा भाव आणि दारात येणारा ट्रक कुणी दिलेला नाही. आकडा हरला तो दुसऱ्या आकड्याकडून, दर टनाच्या भावाकडून. शेतीचा अर्थशास्त्रज्ञ भूवैज्ञानिकाच्या शेजारी त्याच टेबलावर बसला असता तर निदान लढत बरोबरीची झाली असती.

२००९चा महाराष्ट्र भूजल कायदा या बाबतीत महत्त्वाकांक्षी आहे. तो २०१४मध्ये लागू झाला. ६० मीटरहून खोल ती ‘खोल विहीर’ आणि तिच्यावर निर्बंध, विहिरींची नोंदणी, पाणलोटवार भूजल वापराचा आराखडा, त्याला जोडून पीक आराखडा, आणि बोअरच्या गाड्यांचीही नोंदणी. आधीच्या १९९३च्या कायद्याचा भर पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या अंतरावर होता. ती पट्टी धरून मोजायची गोष्ट. ६० मीटर खोली मात्र जमिनीत गेल्यावर मोजणार कोण? दोनशे फुटांना पाणी लागले नाही की गाडीवाला ‘अजून शंभर टाकू का’ एवढेच विचारतो, तेही रात्री.

त्या गाडीवाल्याकडे या जिल्ह्याचे सगळ्यात मोठे भूशास्त्रीय दफ्तर आहे, असे माझे मत आहे. बोअर मारताना रॉड मोजले जातात, म्हणून खोली नक्की माहीत असते. वर येणाऱ्या भुकटीचा रंग सगळे उभे राहून पाहतात: करडी-काळी बारीक पूड म्हणजे अभंग पाषाण, लाल आली की मधला पट्टा, खडे आणि चिखल आला की फट. पाणी कितव्या फुटाला लागले आणि किती इंची, हे शेतकऱ्याला जन्मभर पाठ असते. शिवाय केसिंगचे, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून वरच्या भागात बसवायच्या पाइपाचे, पैसे फुटावर लागतात. केसिंग जिथवर टाकावे लागते तिथवर ढासळणारा मुरूम आणि फुटका खडक असतो, त्याखाली पक्का कातळ. म्हणजे ‘केसिंग ४० फूट, एकूण ४२० फूट’ असे लिहिलेले बिल हे त्या जागच्या मुरमाच्या जाडीचे मोजमाप आहे, आणि ते पैसे मोजून घेतलेले असल्याने बऱ्यापैकी खरे. खोलीकरण कुठे थांबवावे, २ टक्के धरावे की दीड, निरीक्षण विहीर नेमक्या कोणत्या थराचे पाणी सांगते, या तिन्ही प्रश्नांना तेच लागते.

नोंदणी झालेल्या प्रत्येक गाडीकडून दर बोअरमागे पाच नोंदी घेता येतील: जागेचे अक्षांश-रेखांश, केसिंगची लांबी, पाणी लागले त्या प्रत्येक फटीची खोली, एकूण खोली, आणि कोरडा गेला असल्यास तसे. मोबाइलवर भरायला दोन मिनिटे पुरतील. कोरड्या बोअरची नोंद सगळ्यात मोलाची, कारण ती सध्या कुठेच राहत नाही. शेतकऱ्याला ती आठवायची नसते आणि गाडीवाल्याला सांगायची नसते. साठ मीटरच्या पुढची खोली लिहिली की दंड, असे केले तर खोटी खोली लिहिली जाईल, म्हणून नोंद आणि दंड निदान सुरुवातीची काही वर्षे वेगळे ठेवावे लागतील. हे कायद्याच्या मसुद्यात वकिलाला सुचणार नाही. ते भूवैज्ञानिकाने सुचवायचे, नियम बनत असताना आणि लेखी.